सुभेदारांसाठी केलेली चौकशी

मी आज जो काही आहे, तो देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदारांमुळे. आईवडिलांचे आणि शाळेतल्या गुरुजींचे उपकार आहेतच, पण त्यांनी माझं चांगलंच तेवढं पाहिलं होतं. सुभेदारांना मी फसवलं होतं, आणि ते कळल्यावरही त्यांनी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला. आमची ओळख झाली तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची विधवा होतो.

ते असं झालं. वडील लासलगावच्या कांदा बाजारात हमाल, आई व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदे निवडायला जायची. घरात पदवी घेतलेला मी पहिला. नाशिकला आलो, टायपिंगचा क्लास केला आणि पेपरातली ‘ऑपरेटर पाहिजेत’ अशी जाहिरात वाचून गंगापूर रोडवरच्या एका ऑफिसात गेलो. खाली चष्म्याचं दुकान, वर सहा कॉम्प्युटर. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मैत्रीच्या आणि गप्पांच्या साइट तेव्हा रोज नवीन निघत होत्या. आमची त्यातलीच एक.

साइटवर पुरुष भरपूर यायचे, बायका जवळजवळ नव्हत्याच. म्हणून बायका आम्हीच व्हायचो. प्रत्येक मुलाकडे तीन-चार बायका. एक जाड वही होती. तिच्यात कोणत्या बाईला भाऊ किती, कोणती भाजी आवडते, हे लिहिलेलं असायचं, म्हणजे दुसऱ्या पाळीतला मुलगा चुकायला नको. पडद्यामागच्या खोलीत प्रौढांसाठीच्या ‘लाइव्ह’ गप्पा चालायच्या. त्यातल्या बाया आधीच चित्रित केलेल्या होत्या. गिऱ्हाइकाने हात वर कर म्हटलं की तिथला मुलगा लिहायचा, ‘आवाज येत नाहीये, नेट स्लो आहे.’

मला हे पहिल्या दिवशी समजलं, आणि तरी मी सात महिने राहिलो. घरी सांगितलं होतं की कॉम्प्युटरवर काम आहे. वडिलांनी ते सगळ्या बाजारात सांगितलं होतं.

सुभेदार माझ्या वाट्याला आले. तोफखान्यातून निवृत्त, पत्नी जाऊन सहा वर्षं झालेली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, तेही एका बोटाने. एक ओळ यायला इतका वेळ लागायचा की मिनिटांवर पैसे घेणारे आमचे सर त्यांच्यावर खूश असायचे. मी शाळेतली शिक्षिका झालो होतो. पन्नाशीच्या बाईने काय बोलावं हे मला कुठून सुचणार? मी आईचं बोलणं लिहायचो. सडका कांदा हाताला कसा आधी कळतो, डोळ्याला नंतर, हे तिने मला सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. वर्गातल्या गोष्टी गुरुजींच्या. सुभेदारांना ते फार आवडायचं. शेजारचा मुलगा मला डिवचायचा, “काय बाई, आज साहेब नाही आले? कुंकू पुसून गेलं वाटतं.”

तीन महिन्यांनी एक दिवस सुभेदारांनी लिहिलं, मी मुलाला आणि सुनेला तुमच्याविषयी सांगितलं आहे. त्यांची हरकत नाही. आता रीतसर व्हावं. तुमचा पत्ता कळवा, माझे मेहुणे येऊन चौकशी करतील.

आमच्या वहीत सगळ्याची उत्तरं होती. भेटायचं म्हणाला तर आई आजारी आहे. फोन मागितला तर भाऊ कडक आहे. पण गल्लीत चार घरी विचारून येणाऱ्या वडीलधाऱ्या मेहुण्याला काय सांगायचं, हे लिहिलेलं नव्हतं, कारण आजवर कुणी इतक्या सरळ मनाने आलंच नव्हतं. सर म्हणाले, लांबचा कुठला तरी पत्ता देऊन टाक, म्हातारा शोधत बसेल, तेवढे दोन आठवडे आणखी मिळतील.

मला माहीत होतं काय होईल ते. मेहुणे परक्या गावात दारोदार विचारतील, लोक हसतील, ते परत येऊन मुलासमोर, सुनेसमोर सांगतील. त्या घरात सुभेदारांना पुन्हा मान वर करून बसता आलं नसतं.

त्यांनी आपला पत्ता मोकळेपणाने दिला होता. सुट्टीच्या दिवशी बस धरून मी कॅम्पात गेलो. सुनेने दार उघडलं. सुभेदार कॉम्प्युटरसमोरच बसले होते. ती चहाला आत गेल्यावर मी उभ्यानेच सांगितलं, “साहेब, त्या बाई नाहीत. त्या मीच आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कॉम्प्युटरचं कापडी आवरण घेतलं, चारी कोपरे नीट ओढून झाकलं. मग विचारलं,

“ते कांद्याचं सांगितलेलं?”

“ते खरं आहे. ती माझी आई.”

“आन् शाळेतलं?”

“आमचे गुरुजी.”

“तुला इथं कोनी पाठवलं?”

“कुणी नाही.”

“मग बस. उभा का?”

सून चहा घेऊन आली तेव्हा ते तिला म्हणाले, “हा कॉम्प्युटरवाला. यानं लय मोठा बिघाड काढला.” मेहुण्यांना त्यांनी स्वतःच कळवलं की मला त्या बाईंशी पुढे जायचं नाही. घरात माझं नाव कधीही घेतलं नाही. मी त्या महिन्यात नोकरी सोडली. वडिलांना खरं सांगितलं. त्यांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, आणि त्यांनी तसं केलं ते बरंच झालं.

पुढच्या महिन्यात सुभेदारांनी निरोप पाठवून बोलावलं. मला वाटलं, आता पोलिसांत देतील. ते म्हणाले, “मला सोबत पायजे, हे काय खोटं नव्हतं. चोरवाट तुला ठाऊक हाय. आता पहाऱ्यावर तूच उभा राहा.”

मग दर रविवारी आम्ही शेजारी खुर्च्या टाकून साइट तपासायला लागलो. नाव नोंदवायच्या आधी मी नाव काढायची सोय शोधायचो. आमच्या साइटवर ती नव्हती; कुठे नसली की तिथून उठायचं. फोटो न देता, नुसतं ‘निवृत्त, देवळाली’ एवढं लिहून ठेवायचं. तासाभरात पाच बायकांनी ‘तुमचा स्वभाव आवडला’ म्हणून लिहिलं, तर त्या कोण आहेत हे मला पाठ होतं. एका साइटच्या पहिल्या पानावर मोठा गणपती होता आणि सुभेदारांचा तिच्यावर जीव जडला. मी सांगितलं की गणपती आम्हीही लावला होता. ते चार दिवस रागावले. गणपतीवर की माझ्यावर, कोण जाणे.

शेवटी एक विवाहाची साइट सापडली. तिथे नऊ दिवस काहीच झालं नाही. दहाव्या दिवशी त्यांच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला: पत्नीच्या मृत्यूचा दाखला पाठवा, पेन्शनचा कागद पाठवा, मुलाशी बोलायचं आहे. सुभेदार फोन ठेवून गरजले, “ही तर माझ्यावरच संशय घेती.” मी म्हटलं, साहेब, म्हणूनच ही बरी आहे.

त्या साइटवर सटाण्याच्या एक निवृत्त नर्स होत्या. दोन-तीनदा फोनवर बोलणं झालं. मग चौकशीचा प्रश्न आला. मेहुणे तयार होते, मुलगा तयार होता. सुभेदारांनी मला पाठवलं. मी म्हटलं, माझ्यावर कसा विश्वास ठेवता? ते म्हणाले, “तू एकदा खरं सांगायला येवढ्या लांब आला. बाकीच्यांची परीक्षा झाल्याली नाय.” आणि बजावलं की अहवाल लेखी हवा, फौजेत तोंडी चालत नाही.

पुढे मला एका शाळेत कारकुनाची नोकरी लागली, लग्न झालं, आणि दोन्ही वेळा सुभेदार शेजारी उभे होते. ते गेल्यावर त्यांच्या कपाटात माझा तो अहवाल निघाला. त्यांच्या दुसऱ्या पत्नीने तो माझ्या हातात ठेवला आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “मला फटकळ लिहिलंस होय रे? एवढी वर्षं जेवून गेलास माझ्या हातचं.” तो असा आहे:

*सुभेदारसाहेबांस नमस्कार.*

*आज सकाळी सटाण्यास पोहोचलो. बाईंच्या घरी न जाता आधी पिठाच्या गिरणीत, दवाखान्यात आणि शेजारच्या तीन घरी विचारलं. बाई खऱ्या आहेत. नाव, वय, नोकरी जे सांगितलं तेच आहे. शेजारच्या आजी म्हणाल्या, “फटकय शे, पन मनमा काही नही.” दवाखान्यातला शिपाई म्हणाला, औषध चुकलं तर डॉक्टरांनाही बोलायच्या.*

*एक गोष्ट त्यांनी तुम्हाला सांगितलेली नाही. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मी नंतर घरी जाऊन त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, फोनवर उजवा कान लावते, म्हणून सांगायचं राहिलं. पण सांगा त्यांना, लपवू नका. म्हणून मी लपवत नाही. तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला बसावं.*

*माझं मत विचारलंत तर पुढे जावं. पण माझ्या मतावर जाऊ नका, स्वतः येऊन भेटा. रविवारी त्या घरी आहेत.*

*साहेब, कुणाच्या घरी मला खरं काय ते पाहायला पाठवतील असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही पाठवलंत. याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही, म्हणून चौकशी नीट केली आहे.*

*आपला आज्ञाधारक.*