कापसाच्या खोलीतली मुलाखत

आमचा लॅपटॉप माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातला. गेल्या हिवाळ्यात तो सारखा अडकायला लागला. पडद्यावरचा बाण जागेवर खिळायचा, पंखा घरघरायचा आणि बायको बटण दाबून धरत बसायची. मी शाळेत संगणक शिकवतो, त्यामुळे दोष कुणाचा हे ठरवायला मला वेळ लागत नसे.

"तूच काहीतरी दाबलं असशील," मी म्हणायचो. "तुझ्या फाइलींनी जड झालाय तो." एकदा तिच्यादेखत तिची सगळी टिपणं पुसून टाकली. लॅपटॉप तरी अडकलाच. मग मी चिडलो तिच्यावरच.

पुण्यातल्या एका नोकरीसाठी तिच्या दोन परीक्षा पार पडल्या होत्या. आता फक्त ऑनलाइन मुलाखत उरली होती. चारचौघांत मी म्हणायचो, "जाऊ दे की. आपण काय जुन्या वळणाचे आहोत का?" पण ती जाईल या विचारानं मी धास्तावायचो, आणि त्या धास्तीचा मला रागही यायचा.

मुलाखतीच्या आठ दिवस आधी मी एकटाच लॅपटॉप घेऊन भोकरदनला गेलो. दुरुस्तीवाल्या भाईंनी मागचं झाकण उघडलं. पंख्यात कापसाच्या तंतूंची गादीच बसली होती.

"सर, घरात कापूस भरेल हाय का? मशीन त्याच्याजवळ बिलकुल चालवू नका, गरम होऊन बंद पडंल. दोन दिवस ठेवा, साफ करून देतो."

"नंतर आणतो," म्हणून मी तो उचलला.

कापूस भरलेला होताच. भाव चढेपर्यंत आमच्याकडे मधली खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली असते. तिथं बाहेरचा आवाज पोचत नाही, म्हणून बायको तिथंच अभ्यास करायची. घरी आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही. ठीक आहे."

मुलाखतीच्या दिवशी तिची खुर्ची मी स्वतः त्या खोलीत मांडली. दार लावून घेतलं आणि बाहेर उभा राहिलो. ती छान बोलत होती. एकदा तर हसलीसुद्धा. मग "हॅलो? हॅलो सर?" ऐकू आलं. मोबाइलवरून ती परत जोडली जाईपर्यंत तिकडे पुढच्या उमेदवाराला घेतलं होतं.

ती रडत बाहेर आली. मी म्हणालो, "घाबरून काहीतरी दाबलं असशील." खरं सांगतो, त्या क्षणी मला हलकं वाटलं.

पुढच्या आठवड्यात ती हट्टानं माझ्यासोबत भोकरदनला आली. भाईंनी झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. "सर, मागल्या टायमाला बोल्लो होतो ना तुमाला, कापसाजवळ चालवू नका म्हणून?"

ती माझ्याकडे बघत राहिली. परतताना गाडीवर मागे बसल्यावर हसनाबादच्या अलीकडे कुठंतरी म्हणाली, "पाठवायचं नव्हतं, तर न्हाई म्हणायचं होतं तुम्ही. मी भांडले असते."

मी गाडीचा वेग वाढवला. ती भांडली असती आणि जिंकली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मी 'नाही' म्हणालो नव्हतो.