कडुनिंबावरचा भोंगा

हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवाजवळ तं नाहीच नाही. तुले सांगून राह्यलो, कारण तू मलकापूरचा नाहीस — माह्या तोंडावर थुंकायचं म्हटलं तं तुले गाडी पकडून यावं लागन.

आधी त्या टपरीवरच्या लोकायबद्दल सांगतो. मले त्यायचा राग येते, लय राग येते. ग्राउंडाच्या गेटासमोर चहाची टपरी आहे. रोज संध्याकाळी तिथं आमच्या फुटबॉल क्लबचे जुने-नवे शौकीन जमतात, आणि वाद एकच — आपल्या क्लबचा आजवरचा सगळ्यात भारी गोलकीपर कोण? म्हातारे म्हणतात, गफ्फारभाई. अनवाणी खेळायचे, पेनल्टी नुसत्या नजरेनं अडवायचे म्हणे. पोट्टे म्हणतात, विकी — आत्ताचा, जेल लावून केस उभे करणारा. मग जुन्या काळचा बॉल किती जड होता, यावरून एकमेकाची आयमाय निघते. एकदा तं एकानं दुसऱ्याच्या अंगावर गरम चहा फेकला. यायच्यातल्या अर्ध्या लोकायनं जन्मात बॉलले पाय लावला नाही! पण गोलकीपर कसा असावा हे सांगायले सगळे तयार.

वाद मिटला नाही की माह्याकडं वळतात. "भाऊ, तुम्ही सांगा. तुम्ही सगळे पाह्यले." पाह्यलेच आहेत. मी तहसील कचेरीत कारकून होतो, पण गावात मले ओळखायचे ते माइकमुळे. टुर्नामेंट आली की मंडपात माइकवर मी. शेर मारायचो, टोमणे मारायचो, आणि लोक खेळणाऱ्यायपेक्षा मलेच टाळ्या द्यायचे.

मी गफ्फारभाईचं नाव घेतो, मग पोट्ट्यायची समजूत काढायची म्हणून विकीचंही घेतो. तेवढ्यात कोणीतरी दात काढत म्हणते, "आणि मिलिंद?" सगळे खिदळतात. "भाऊ, होऊन जाऊ द्या!" म्हणजे मी माह्या त्या जुन्या माइकच्या आवाजात ते वाक्य म्हणावं. आणि मी म्हणतो — "झोपला, झोपला, गोलकीपर झोपला!" टपरी हसून हसून लोळते. माह्या चहाचे पैसे मग कोणी मलेच देऊ देत नाही. समजलं? वर्षानुवर्षं त्या माणसाच्या नावावर मी चहा पिऊन राह्यलो.

मिलिंद आमचा गोलकीपर होता. भीमनगरातला, उंचापुरा, कमी बोलणारा. दिवसा कापसाच्या जिनिंगवर रुईच्या गाठी उचलायचा आणि संध्याकाळी गोलात उभा राहायचा. गफ्फारभाई भारी असतीन, मी नाही म्हणत नाही — पण आमच्या क्लबात मिलिंदच्या तोडीचा गोलकीपर दुसरा झाला नाही. हे मले पक्कं माहीत आहे. टपरीवर मी हे एकदाही म्हटलं नाही.

आता त्या फायनलचं सांगतो. सांगावंच लागन. खामगावच्या संघासंग होती. बरोबरी चालू, शेवटची मिनिटं. आम्हाले कॉर्नर भेटला आणि आमचे झाडून सगळे पुढं गेले. मागं फक्त मिलिंद. बॉल उलटला, आणि त्यायचा एक पोट्टा एकटाच बॉल घेऊन आमच्या गोलाकडं पळत सुटला. मी मंडपात ताडकन उभा राह्यलो आणि माइकमध्ये बोंबललो — "ऑफसाइड! ऑफसाइड!"

ऑफसाइड नव्हतं. तो पोट्टा त्याच्याच अर्ध्या ग्राउंडातून निघाला होता, तिथून ऑफसाइड होतच नाही. नियम मले पाठ होता, पण तोंड पुढं पळालं. मंडपाजवळचा भोंगा हाफटाइमच्या आधीच बंद पडला होता. चालू होता तो एकच — मिलिंदच्या गोलामागं कडुनिंबावर बांधलेला. त्या बाजूले जिनिंगची भिंत, पाहणारं माणूस कोणी नाही. इकडं गर्दीच्या कल्लोळात माह्यी बोंब कोणालेच समजली नाही. ऐकली ती मिलिंदनं एकट्यानं. त्यानं हात खाली सोडले, रेफ्रीकडं पाह्यलं, आणि बॉल त्याच्या बाजूनं आत गेला.

इथपर्यंत चूक म्हण. चूक कोणाच्या हातून होत नाही? पण थांब, एवढ्यात मले मोकळं करू नको.

ग्राउंड एकदम गप्प झालं. काय झालं ते मले त्याच क्षणी समजलं होतं — मी काही भोळा नव्हतो. आणि त्याच दमात मी माइकमध्ये ओरडलो, झोपला, झोपला, गोलकीपर झोपला. त्या शांततेत कडुनिंबावरचा भोंगा पार मंडपापर्यंत ऐकू गेला, आणि लोकायले पाहिजे होतं तेच भेटलं. चपला आल्या, दगड आले, जातीवरून शिव्या आल्या. मिलिंद जो दिसन त्याले सांगत होता, मले ऑफसाइड ऐकू आलं, भोंग्यातून आलं. क्लबच्या सेक्रेटरीनं मले विचारलं. मी म्हटलं, पागल झाला का बे तो? त्या दिवसानंतर मिलिंद कधीच गोलात उभा राह्यला नाही.

काऊन केलं मी असं? माइक हातातून गेला असता म्हणून? हो, तेही होतंच. माइकशिवाय मी कोण होतो — दाखल्यायवर शिक्के मारणारा. पण खरं सांगू? हे मिलिंदले चिकटणार, हे मले त्या घडीलेच माहीत होतं. गोलात एखाद्या वकीलसाहेबाचा पोरगा असता तं असं बोलायची माह्यी छाती झाली असती का? नसती झाली. मी माणूस पाहून बोललो.

आणि हेही नाही. जे सांगायले बसलो ते अजून आलंच नाही.

यंदा हिवाळ्यात मिलिंद माह्या घरी आला. केस पिकलेले, अंग उतरलेलं. मी त्याले बसही म्हटलं नाही. त्याची पोरगी सुजाता बुलढाण्याले कॉलेजात आहे. तिथल्या मुलींच्या संघात ती गोलकीपर झाली होती, आणि सुट्टीत आमच्या ग्राउंडावर सरावाले यायची. मी पाह्यली तिले गोलात. भारी होती पोरगी, एकदम बापावर गेलेली. मिलिंद म्हणाला, "भाऊ, एक विचारतो, राग मानू नका. त्या दिवशी तुम्ही माइकवर ऑफसाइड बोलले नव्हते ना? कोणीच बोललं नव्हतं? मी कान तपासून घेतले, डॉक्टर म्हणते कान चांगले आहेत. मग न बोललेलं ऐकू येते म्हणजे डोक्याचाच दोष असन. पोरीत उतरला असन तं? तिच्यावरही लोक दगड घेऊन धावले तं मी काय करू?"

तो भांडायले आला नव्हता रे. भांडला असता तं मीही भांडलो असतो, ते मले जमते. तो माह्यावर भरवसा ठेवून आला होता. घरात आम्ही दोघंच होतो. एक 'हो' म्हणायचं होतं. त्यानं गावभर केलं नसतं, तसा तो माणूसच नाही. मग कशाची भीती होती मले? त्याच्या डोळ्यायची — हो, फक्त तेवढ्याची. आणि लपवत नाही, मले त्याचा संताप आला. इतक्या वर्षांनी माह्या दारात येऊन मलेच चोर करते म्हणजे काय!

मी म्हटलं, "नाही मिलिंद. कोणीच काही बोललं नव्हतं. तुले भास झाला असन."

त्यानं मान हलवली. "बरं झालं भाऊ, तुम्ही स्पष्ट सांगितलं." माह्ये आभार मानून गेला तो.

काही दिवसांनी सुजाता क्लबच्या खोलीवर आली. मी एकटाच पेपर वाचत बसलो होतो. क्लबनं दिलेले ग्लोव्हज तिनं धुऊन, वाळवून आणले होते. खेळणं बंद, म्हणाली, बाबा नाही म्हणतात. ते टेबलावर ठेवून ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"काका, तुम्ही तेव्हा तिथं होते ना? माह्या बाबाच्या डोक्यात खरंच काही दोष आहे का?"

मी म्हटलं, "हो."