उरलेली नीळ

माझा मामा कुणाशी भांडला नाही असा आठवडा गेलेला मला आठवत नाही. गावात त्याला ‘चुनकळी’ म्हणतात. चुनकळी म्हणजे भट्टीतून निघालेला चुन्याचा कोरडा खडा. दिसायला गरीब, पांढराफटक, आणि पाणी पडलं की उकळून अंगावर येणारा. ज्याने हे नाव ठेवलं त्याला माणसाची पारख होती. मामा बहात्तर वर्षांचा गवंडी, गुडघे कामातून गेलेले, पण पीळ तसाच. लहानपणी मला त्याच्या रागाची लाज वाटायची. आता मला वाटतं, गावात शुद्धीवर असलेला तो एकटाच होता.

आमचं गाव बघायला लोक लांबून येतात. साहेबांनी वसवलेलं जुनं बंदर, असं माहितीपत्रकात छापलंय. गव्हर्नरच्या सभागृहाच्या तिकीट-खिडकीत मी अठरा वर्षं बसले, तेव्हा काय बघण्यासारखं आहे ते मला पाठ आहे. सभागृह, त्यापुढच्या दोन तोफा, जकातघर, दगडी धक्का, पोस्टाची इमारत आणि साहेबांची दफनभूमी. दफनभूमीत एका साहेबाच्या कुत्र्यालाही दगड आहे आणि त्यावर त्या कुत्र्याचं नाव आहे. ही सगळी बांधकामं ज्यांनी केली त्या गवंड्यांचं, सुतारांचं, हमालांचं नाव कुठेच नाही. वाचणाऱ्याला वाटावं, गव्हर्नरसाहेब स्वतः डोक्यावर घमेलं घेऊन शिडी चढले होते.

सभागृहाच्या मागच्या गल्लीत त्या कामगारांची घरं आहेत. त्यातलं एक आमचं, आजोबांनी स्वतः बांधलेलं. त्यात आई, मामा आणि मी राहतो. पुढच्या भिंतीला लागून आईची खोली आहे. आईचं सगळं आयुष्य त्या भिंतीला पाठ टेकून गेलंय आणि आता तर तिचा पलंगच तिथे असतो. मामा दर वर्षी ती भिंत आतून-बाहेरून चुन्याने रंगवायचा. दुसऱ्या कुणाला कुंचा हातात धरू द्यायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी गावात वारसा समिती आली. कुठून तरी मोठे तपासनीस येणार होते आणि त्यांना गाव पसंत पडलं की गावाला कसला तरी दर्जा मिळणार होता. समितीने एक सल्लागार आणला. उंटावरून शेळ्या हाकणारे मी बरेच पाहिलेत, पण हा उंटावरूनही खाली बघत नव्हता. त्याने सभागृहाच्या भिंतीवर तळहाताएवढा चौकोन आखला आणि लहानशा पात्याने एकेक थर खरवडत गेला. पांढरा, पिवळा, पांढरा, गुलाबी, पुन्हा पांढरा आणि सगळ्यांत खाली निळा. निळ्याखाली नुसता गिलावा. सल्लागाराने हात पुसले आणि जाहीर केलं, “मूळ रंग सापडला.”

झालं. त्या चौकोनावर काच बसली, शेजारी पाटी लागली, ‘गव्हर्नरची निळाई’. आमच्या वाटाड्याने तर पुढच्याच आठवड्यात गोष्ट रचली. गव्हर्नरच्या बायकोच्या डोळ्यांवरून हा रंग निवडला होता म्हणे. “असं म्हणतात,” असं शेवटी जोडायचा. कोण म्हणतं? तोच म्हणायचा, सकाळच्या गटाला एकदा आणि दुपारच्या गटाला एकदा.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मामा चुना गाळत होता. त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि हसायला लागला. मामाला हसताना बघून आई घाबरली.

“अगं, तो निळा तर बाबांनी मारलाय,” मामा म्हणाला.

ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती, पण घरातली गोष्ट म्हणजे इतिहास असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. आजोबा तरुण असताना गावात तापाची साथ आली. तिसऱ्या दिवशी साहेबलोक बायकामुलांसह बोटीत बसून गेले. आजारी माणसं ठेवायला सभागृहाएवढी मोठी, हवेशीर जागा दुसरी नव्हती. जिथे साहेब नाचायचे त्या फरशीवर गावातली माणसं ओळीने झोपवली. साथीच्या वेळी भिंत पार गिलाव्यापर्यंत खरवडून मग चुना मारायचा, अशी तेव्हाची रीत होती. ते काम आजोबांकडे आलं. निळ्याखाली काही नाही ते यामुळे. त्याआधीचं सगळं आजोबांनीच खरवडून काढलं होतं. सल्लागाराला तळ सापडला म्हणजे मूळ सापडलं असं वाटलं.

चुना तेव्हा पिवळट निघाला होता. पांढरेपणा यावा म्हणून चुन्यात चिमूटभर नीळ घालतात. आजी साहेबांच्या बंगल्यांवरचे कपडे धुवायची, म्हणून नीळ तिच्याकडे असायची. आजोबांनी चिमूटभर मागितली. आजीने अख्खा डबा बादलीत उपडा केला. आजोबा ओरडले तर म्हणाली, “साहेब गेले, धुणं गेलं. नीळ कुणासाठी ठेवू? पडल्या माणसाला डोळ्यांपुढे काहीतरी बरं दिसू दे.” त्या भिंतीकडे बघत जी माणसं गेली त्यांत आजोबांचा धाकटा भाऊ होता. उरलेली बादली घरी आली आणि आमच्या स्वयंपाकघराला लागली.

म्हणजे साहेब पळाले म्हणून तो रंग होता. आणि त्यावर पाटी साहेबाची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी सरकारी खिडकीतली बाई, ती आग तिथल्या तिथे गिळायची सवय झालेली.

मामाला ती सवय नव्हती, तरी तोही पाटीवरून भांडला नसता. “लावू दे पाट्या,” म्हणाला. भांडण लागलं ते नोटिशीवरून. तपासनीस येण्याआधी आमच्या गल्लीतली सगळी घरं निळी करायची असं ठरलं. तेही चुन्याने नाही, डब्यातल्या चकचकीत रंगाने, जो धुतला तरी जात नाही. पहिला मान कोपऱ्यावरच्या शिंप्याला मिळाला. पहिल्याच पावसाळ्यानंतर त्याच्या भिंतीला फोड आले आणि एके दुपारी परातीएवढा गिलावा निसटून शिवणयंत्रावर पडला. शिंपी चहाला उठला होता म्हणून वाचला.

मामा समितीच्या कार्यालयात गेला. मी सोबत होते. सचिवबाई चांगल्या होत्या, खुर्ची दिली, पाणी दिलं.

“बाई, आमच्या भिंती चुन्याच्या,” मामा म्हणाला. “त्या जमिनीतली ओल वर ओढतात आणि बाहेर सोडतात. माणसाला घाम येतो ना, तसं. तुम्ही वरून रबर चढवलंत तर घाम जाणार कुठे? आतल्या आत भिंत कुजेल. त्या भिंतीला लागून माझी ताई झोपते.”

“काका, रंग तज्ज्ञांनी निवडलाय.”

“तज्ज्ञाने भिंत बांधलीय का कधी?”

“तुम्ही भावनेच्या भरात बोलताय.”

“मी ओलीबद्दल बोलतोय,” मामा म्हणाला. “भावना तुमच्या पाटीवर आहे. डोळ्यांचा रंग म्हणे.”

सचिवबाईंनी माझ्याकडे बघितलं. समिती आल्यापासून माझ्या कामाचा करार दर वर्षी त्यांच्या सहीने पुढे सरकायचा. 

तपासनीस आले त्या सकाळी मामा धुतलेला सदरा घालून सभागृहात हजर. कुणी बोलावलं नव्हतं. सल्लागार काचेपुढे उभा राहून ‘गव्हर्नरची निळाई’ समजावत होता. मामाने खिशातली विजेरी काढली आणि म्हणाला, “एक मिनिट काच काढा.” तपासनिसांमधला एक म्हातारा कुतूहलाने पुढे झाला, म्हणून काच काढली गेली. मामाने विजेरी भिंतीला चिकटवून आडवी धरली. तिरप्या उजेडात निळ्या थरावर कुंच्याच्या रेघा उठून दिसल्या.

“उजव्या हाताचा गवंडी कुंचा फिरवतो तेव्हा रेघ अशी कलते,” मामाने हवेत हात फिरवून दाखवला. “ही उलटी कललीय. माझा बाप डावरा होता. गावात डावरा गवंडी तो एकच. माझ्या स्वयंपाकघरात हाच निळा आहे आणि हीच उलटी रेघ आहे. चला, दाखवतो.”

ते खरंच आले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मामाने आदल्या दिवशीच एक चौकोन खरवडून ठेवला होता. रंग तोच, कल तोच. मामाने साथीची, बोटींची, आजीच्या डब्याची सगळी गोष्ट सांगितली. म्हातारा तपासनीस मान खाली घालून ऐकत होता. सचिवबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने सगळ्यांना चहा दिला. मला वाटलं, जिंकलो.

महिन्याभरात पाटी बदलली. नव्या पाटीवर लिहिलं होतं, ‘एका धोबिणीची निळाई. गव्हर्नरांच्या घरच्या निष्ठावान धोबिणीने संकटकाळी या वास्तूला अर्पण केलेला रंग’. निष्ठावान! जी बाई साहेबांनी पाठ फिरवल्यावर त्यांची नीळ फेकून मोकळी झाली, तिला यांनी मेल्यावर पुन्हा कामाला लावलं. साथ नाही, पळालेल्या बोटी नाहीत, फरशीवरची माणसं नाहीत. आणि तपासनीस येऊन गेले तरी रंगाची नोटीस होती तशीच. उलट सचिवबाई मला म्हणाल्या, “आता तर तुमच्या घराला हा रंग लागलाच पाहिजे. तुमचाच वारसा आहे.” इतकं बोलून, दाखवून सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

इथे मला माझं सांगायला हवं. बाईंनी संमतीपत्र पुढे केलं. घर आईच्या नावावर होतं आणि आईच्या वतीने सही करायचा कागद माझ्याकडे होता. कराराचा महिना जवळ आला होता. मी सही केली. मामा बाजूच्या गावी कामाला गेला होता तेव्हा रंगारी आले आणि दोन दिवसांत घर चकचकीत निळं करून गेले. मामा परतला, दारात उभा राहिला आणि त्याने भिंतीला हात लावून बघितला.

“सही कुणी केली?”

“मी.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आत गेला, जेवला आणि चार महिने माझ्याशी एक शब्द बोलला नाही. चुनकळीवर पाणी पडलं आणि ती उकळलीच नाही, तेव्हा मला भीती वाटली.

पावसाळा संपता संपता आईच्या पलंगामागे भिंत फुगली. आधी वाटीएवढी, मग ताटाएवढी. आईची उशी सकाळी दमट लागायची. तिचा खोकला थांबेना. डॉक्टर म्हणाले, खोली बदला. आई म्हणाली, “या भिंतीपाशी माझी आई गेली, मीही इथेच जाणार आहे, पण भिंत अंगावर पडून नाही.” आम्ही पलंग स्वयंपाकघरात हलवला. आई त्या रात्री रडली. तिला रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं, आणि ते रडणं माझ्या सहीचं होतं.

दुसऱ्या दिवशी खिडकीत बसले असताना समोरून पर्यटकांचा गट आमच्या गल्लीकडे वळला. थोड्या वेळाने एक बाई हसत परत आली आणि म्हणाली, “फार छान कार्यक्रम ठेवलाय हो तुम्ही, पारंपरिक कारागिराचा.” मला कळेना. मी बाहेर येऊन बघितलं तर मामा शिडीवर. हातात लोखंडी पट्टी, आणि आमच्या पुढच्या भिंतीवरचा निळा रंग चामड्यासारखा सोलून खाली टाकतोय. खाली पंधरा-वीस लोक फोटो काढतायत. वाटाडा सांगतोय, “हे त्या धोबिणीचे चिरंजीव. ते दर वर्षी असा जुना रंग काढून पुन्हा आजीची निळाई लावतात.” मामाच्या आईला त्याने मामाची आजी करून टाकलं होतं.

मी खिडकी बंद केली. कुलूप लावलं, किल्ली सचिवबाईंच्या टेबलावर ठेवली आणि घरी आले. मामाच्या अवजारांतून दुसरी पट्टी घेतली आणि खालच्या बाजूने खरवडायला लागले. मामाने वरून बघितलं.

“पट्टी आडवी धर,” तो म्हणाला. चार महिन्यांतला पहिला शब्द. “गिलावा उकरू नकोस.”

सगळं काढायला आम्हाला नऊ दिवस लागले. फुगलेला भाग पाडून नवा गिलावा केला. भिंत उघडी ठेवून वाळवली. दरम्यान वारसा विद्रूप केल्याची नोटीस आली. मामाने ती घडी करून शिडीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. माझा करार अर्थातच पुढे सरकला नाही.

दहाव्या दिवशी मामाने चुना काढला. आईला खुर्ची टाकून बाहेर बसवलं होतं. वाटाडा सकाळचा गट घेऊन आलाच, मागोमाग सचिवबाईही. मामाचा कुंचा फिरू लागला आणि भिंत पांढरी होत गेली. वाटाडा जरा वाट बघत थांबला, मग हळूच पुढे आला.

“काका, नीळ नाही घातली? मी यांना निळाईचं सांगितलंय.”

मामाने कुंचा थांबवला. शिडीवरून त्याने वाटाड्याकडे बघितलं, मागे उभ्या सचिवबाईंकडे बघितलं, गटाकडे बघितलं.

“साहेब गेले तेव्हा नीळ उरली होती,” तो म्हणाला. “हे नवे साहेब कुठे गेलेत अजून?”

आणि त्याने बादलीत कुंचा बुडवला.