गॉटहार्डच्या धुराड्यातला धूर

गॉटहार्ड पिर्कर माझ्या घरासमोर राहायचा, पण मी त्याला ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. मला लिहायची सवय नाही. जेवढं पाहिलं तेवढंच सांगतो.

आमच्या स्टायरिया प्रांतातल्या डोंगराळ गावात लोकांनी गट करून पाणी तापवायच्या सोलर पेट्या घरीच बनवल्या. तांब्याच्या नळ्या जोडायच्या, वर काच बसवायची, मग सगळ्यांनी मिळून एकेकाच्या घरी चढवायच्या. सगळ्यांनी त्या छपरावर, कौलांच्या उतारालाच चिकटवल्या, दिसायला नीटस म्हणून. गॉटहार्डनं मात्र दक्षिणेकडच्या भिंतीवर उभ्या ठोकल्या. लोक हसले.

हिवाळ्यात आमच्या पेट्या बर्फाखाली गेल्या. लाकडी दाताळ्यानं खरवडेपर्यंत ऊन कलायचं. गॉटहार्डकडे भर जानेवारीत कढत पाणी, आणि धुराड्यातून रोज धूर.

"चोरून बंब पेटवतोय," गटाचा मुख्य एंगेलबर्ट म्हणाला. "आणि आपल्याला उन्हाच्या गोष्टी सांगतो!"

"तो म्हणतो, डुकराचं मांस धुरी देऊन टिकवतोय," बेकरीवाली वाल्बुर्गा म्हणाली. "केवढं बाई ते डुक्कर! नाताळपासून धुरी घेतंय, संपतच नाही!"

लबाडी निघाली तर त्याला गटातून काढायचं ठरलं. म्हणजे यापुढे त्याच्या घरच्या कामाला कुणीच जाणार नाही, आणि माणूस एकटा. पाहून यायला मला धाडलं, कारण मी गप्प असतो.

"थोडी साखर मिळेल का?" मी दारातून विचारलं.

"साखर मागणारा बंबाकडे बघत नाही," गॉटहार्ड म्हणाला. "घाल हात, घाल."

बंब थंडगार होता, आत राखही नव्हती. भिंतीतून येणाऱ्या नळीचा मात्र चटका बसला.

"उभ्या काचेवर बर्फ टिकत नाही," तो म्हणाला. "शिवाय अंगणातल्या बर्फावरून ऊन उसळतं, तेही मला फुकट."

मी वळलो, तर धुरीच्या खोलीचं दार किलकिलं होतं. आत एक तंगडी टांगलेली. डुकराच्या तंगड्या मी जन्मभर पाहिल्यात. ही फारच सडपातळ होती. जंगल जमीनदाराचं, तिथल्या हरणाला हात लावायची आम्हाला मुभा नव्हती.

"तुझं डुक्कर भलतंच बारीक," मी म्हणालो.

"पळायचं फार," तो म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

"बंब गार आहे," मी गटाला सांगितलं.

"आणि धूर?" एंगेलबर्टनं डोळे बारीक केले.

"मांसाचाच."

गॉटहार्ड गटात राहिला.

पुढच्या शरदात माझ्याही पेट्या भिंतीवर आल्या. दुसरं टोक गॉटहार्डनं धरलं होतं. त्याच आठवड्यात तो झोपेतच गेला, त्यामुळे आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

"स्क्रू आवळ आता. मी जातो, सूप ठेवलंय चुलीवर," तो म्हणाला.

"कसलं?"

"मटाराचं."

"नुसतं मटाराचं?"

"नुसतं."