चौथीच्या वर्गातला मोतीबिंदू

आईचा एक डोळा लहानपणीच देवीच्या आजारात गेला होता. उरलेल्या एकावर तिनं चार मुलं वाढवली, सासू सांभाळली, आणि माझ्या बायकोनं निवडलेल्या तांदळातले खडे पुन्हा निवडून दाखवले. त्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला तेव्हा आधी कुणाला कळलंच नाही. एकदा चहात मीठ पडलं, तो मी मुकाट्यानं प्यायलो. बायको म्हणते, चांगुलपणा कसला, तुमचं लक्षच नव्हतं. शेवटी एका सकाळी आईनं खुंटीवरच्या माझ्या कोटाला "अरे, नुसता उभा काय राहिलास? ऑफिसला उशीर होतोय!" म्हणून दटावलं, तेव्हा आम्ही हललो.

पार्ल्यातल्या एका शाळेत दिवाळीच्या सुट्टीत म्हाताऱ्या माणसांसाठी डोळ्यांचं शिबिर भरायचं. मुंबईहून डॉक्टर यायचे. वर्गातली बाकं बाहेर काढून खाटा टाकायचे. प्रत्येक म्हाताऱ्यामागे घरचं एक माणूस हवं, एवढीच अट. बायकोनं क्षणभरही विचार न करता मला पुढं केलं. "तुम्हाला नुसतं बसायची सवय आहे," ती म्हणाली.

आईची खाट चौथीच्या वर्गात आली. ती स्वतः शिकलेली तिसरीपर्यंत. "चला, एक इयत्ता चढले," म्हणाली खरी, पण माझा हात काही तिनं सोडला नाही. तो एकच डोळा होता. बिघडला तर पुढं नुसता अंधार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

ऑपरेशन झालं. आता आठ दिवस पट्टी. उताणं पडून राहायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही. नर्सबाईंनी मला मुद्दाम बजावलं, "तुम्हाला गोष्टी सांगायची फार हौस आहे म्हणे. इथं नको. पेशंट हसला आणि जखम उघडली तर डोळा जाईल."

पट्टीखालून आई म्हणाली, "बाई, तुम्ही निर्धास्त राहा. त्याच्या गोष्टींना आमच्या घरी कुणी हसत नाही."

शेजारच्या खाटेवर वर्सोव्याची एक कोळीण आजी होती. तीस वर्षं तिनं पार्ल्याच्या गल्ल्यांतून मासळी विकली, पण आमच्या दारात तिची पाटी कधी उतरली नव्हती. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा चालत नसे. एकमेकींना न बघताच दोघींच्या गप्पा जमल्या. जन्मात मासा न खाल्लेल्या माझ्या आईनं एका दुपारी विचारलं, "काय हो, मासा ताजा आहे हे ओळखायचं कसं?"

"डोले बघायचे त्याचे," कोळीण आजी म्हणाली. "डोले गढूल झाले का मासा बाद!"

मग दोन्ही खाटा बारीक थरथरायला लागल्या. "आई, हसू नकोस! आजी, तुम्ही पण!" म्हणत मी दोघींच्या मध्ये हात जोडून उभा राहिलो. माझ्या गोष्टींनी जे कधी साधलं नाही, ते एका माशानं साधलं.

चौथ्या दिवशी मोठी काकू, म्हणजे आईची थोरली जाऊ, गिरगावातून भेटायला आली. भेटायला आलेल्यांनी दारातूनच बघून परत जायचं, हा नियम मला पाठ होता. पण घरचं वळण आडवं आलं. आमच्याकडे वडीलधारं माणूस आलं की आत वर्दी द्यायचीच. मी मोठ्यानं ओरडलो, "आई, मोठी काकू आली गं!"

आणि आई नमस्काराला उठायला लागली! चाळीस वर्षं थोरल्या जावेसमोर ती कधी बसून राहिली नव्हती. एका हातानं डोक्यावरचा पदर चाचपत तिनं मान उचलली. मी बघतच राहिलो. पट्टी बांधलेल्या कोळीण आजीनं मात्र खाटेची करकर बरोबर ऐकली.

"ए बाय, हलू नको गो! आरं, बघतोस काय, धर तिला!"

मी धावलो. आईचं डोकं परत उशीवर ठेवलं. काकू दारात रडायला लागली, "मेला तो नमस्कार! मी मागितला होता का?"

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता पट्टी सुटेल तेव्हाच कळेल."

पुढचे चार दिवस मी आईच्या खाटेची कड धरून बसलो. आईच म्हणाली, "उठले मी, तू कशाला तोंड पाडून बसतोस?" आणि थोड्या वेळानं, हळूच, "नाहीच दिसलं, तर तांदूळ निवडायला देशील ना रे? हाताला लागतात खडे."

"सगळे तुलाच देईन," मी म्हणालो.

आठव्या दिवशी बायको आणि काकू दोघी आल्या आणि पट्टी सुटली. डॉक्टरांनी हात समोर धरला. "आजी, बोटं किती?"

आईनं मान पुढं काढली.

"आजी?"

"थांबा हो, मोजू द्या की नीट! दोन. आणि तुमच्या मागं ती भिंत... निळी आहे?"

"निळीच आहे."

"अगंबाई," आई म्हणाली, "निळा रंग असतो हे विसरलेच होते मी! सगळं मेलं हळदीच्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसायचं."

काकू पुन्हा रडली, या खेपेला मोठ्यानं. कोळीण आजीचीही पट्टी सुटली होती. ती आईच्या अगदी जवळ येऊन, डोळा बारीक करून म्हणाली, "अगो, एवरीशी तू? आवाज तर केवरा मोठा!"

चष्मा मिळायला अजून दीड महिना होता. सगळं धूसर दिसत होतं, पण रंग दिसत होते आणि आईला तेवढे पुरेसे होते. शाळेच्या व्हरांड्यात बसून ती एकेक रंग ओळखत राहिली, आणि मी प्रत्येकाला "बरोबर" म्हणत राहिलो. सुनेचं लुगडं हिरवं. कोळीण आजीचं लाल. पाण्याचा माठ काळा.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझा शर्ट कुठल्या रंगाचा रे?"

"पांढरा."

आईनं तो हातात धरून डोळ्याजवळ नेला. "इतके दिवस मी माझ्या डोळ्याला दोष देत होते," ती म्हणाली. "काढ तो. आज घरी गेल्यावर मी धुणार."