नवसाचा नारळ

देवासच्या एका हौशी सरदाराच्या मनात आलं, माळव्यात नारळ लावायचे! झालं, आपल्या बागेतल्या मानाजीला तीन वर्षं सिलोनच्या बेटावर शिकायला धाडलं. नुसती टिचकी मारून आत पाणी किती ते सांगण्याइतका तो तयार झाला.

१९०९ साली तो परतला. बेट सुटताना त्यानं मागं वळून पाहिलंच नव्हतं. ट्रंकेची सुटलेली दोरी बांधत बसला होता. आता किनारा आठवू जावं, तर ती गाठच डोळ्यांपुढं येई.

तो सुखरूप आला म्हणून आईनं टेकरीवरच्या देवीपुढं नवसाचा नारळ फोडला. देवीचा प्रसाद, थुंकायचा कसा? बाकी सगळ्यांनी डोळे मिटून गिळला.

"खवट निघाला रे," आई ओशाळून म्हणाली.

मानाजी दुसरा तुकडा चवीनं चावत होता; डोळ्यांपुढं आता गाठ नव्हती, किनारा होता. "हो का?" तो म्हणाला.