आत्यांच्या गोळ्या आणि माझं कार्ड

सासूबाईंना मी आत्या म्हणते; साताऱ्याकडे आमच्यात तशीच पद्धत आहे. आत्या तीन महिन्यांच्या भेटीच्या व्हिसावर दोह्याला आमच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटवर आल्या, तेव्हा त्यांच्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी, कुरडया आणि तीन महिने पुरतील एवढ्या बीपीच्या गोळ्या होत्या. चटणी पुरली. गोळ्या दीड महिन्यातच संपल्या.

त्याला कारण आमचे शुक्रवारचे पाहुणे. गावाकडचे चौघे इथे ड्रायव्हर, वेल्डर म्हणून बायकापोरांशिवाय राहतात आणि सुट्टीला आमच्याकडे भाकरी खायला येतात. त्यातला एक म्हणाला, उन्हात डोकं गरगरतं. आत्या उठल्या आणि त्यांनी आपल्या गोळ्यांची अख्खी स्ट्रिप त्याच्या हातावर ठेवली. पुढच्या शुक्रवारी दुसऱ्याचं गरगरायला लागलं. आमच्या लोकांचं हे असंच. एकाला गुण आला की तीच गोळी लोणच्याच्या फोडीसारखी पंगतभर फिरते. बरं, या चौघांकडेही सरकारी दवाखान्याची आपापली हेल्थ कार्डं होती. ती त्यांनी पाकिटात जपून ठेवली होती.

आत्या भिंतीला धरून चालताना दिसल्या तेव्हा मला हे कळलं. आठ दिवस त्यांनी गोळी घेतलेली नव्हती.

"मला का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच.

"आगं, त्या पोरांचं हितं हाय कोण? मला तुमी हाय की."

"चला, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे."

"परक्या मुलखात मला सुया टोचून घ्यायच्या न्हाईत. लईच केलंस तर उद्याच्या इमानानं जाईन."

राग आला होता, पण आतून मी घाबरले होते. माझी आई बीपीनेच गेली. भाकऱ्या थापताना डोकं धरून बसली ती पुन्हा उठलीच नाही. तिचं बीपी तोवर कुणी एकदाही मोजलं नव्हतं. दुसरी आई मला तशी घालवायची नव्हती.

भेटीला आलेल्या माणसाला इथे विमा काढावा लागतो, पण तो तातडीच्या उपचारापुरता. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्हाला आणि मुलांना मात्र सरकारी हेल्थ कार्ड आहे. नोकरी आहे तोवर कार्ड; नोकरी गेली की खलास. पण आहे तोवर काय सांगू! मुलांच्या लसी, थोरल्याचा मोडलेला हात, सगळं त्यावर झालं. परदेशातून आलेल्या चार दिवसांच्या पाहुण्यांची पोरं म्हणून कुणी कधी नाक मुरडलं नाही, आणि दर वेळी मी थक्क होऊनच परत आले. स्वतःसाठी मात्र पाच वर्षांत एकदाही गेले नव्हते. म्हटलं, आता आपणच जायचं, डोकं दुखतं म्हणायचं, आणि आपल्या कार्डावर आत्यांच्या गोळ्या घेऊन यायचं. सरकारी दारात खरं बोलून काम होत नाही, ही माझी जुनी समजूत.

आरोग्य केंद्रातली सिस्टर केरळची. तिने हिंदीत विचारपूस करत माझ्या दंडाला पट्टा बांधला. मोजलं. मग पाच मिनिटं नुसतं बसवून ठेवलं आणि पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या हातावर. मला वाटलं, माझं सोंग पकडलं. डॉक्टरीणबाई अरबी होत्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "डोकं केव्हापासून दुखतं?" मी पढवून नेलेलं बोलायला लागले आणि मध्येच माझं मलाच सहन होईना. सगळं सांगून टाकलं. आत्या, शुक्रवारचे पाहुणे, संपलेल्या गोळ्या, सगळं.

त्या रागावतील म्हणून मी मान खाली घालून बसले. त्या शांतपणे म्हणाल्या, "सासूबाईंचं कळलं. पण हे वाढलेलं बीपी तुमचं आहे."

मग त्यांनी घाई न करता सगळं समजावलं. आत्यांना भोवळ येते म्हणजे हे तातडीचंच आहे, त्यांना आजच इमर्जन्सीत न्या, विमा त्यासाठीच आहे. मला मात्र रक्ताच्या तपासण्या आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. दारापर्यंत आलेली सिस्टर मला म्हणाली, "दीदी, या गोळ्या कुणाला द्यायच्या नाहीत हं." मला हसूही आलं आणि रडूही. खोटं बोलायला आलेल्या परक्या बाईला इतक्या मायेने वागवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

घरी आले. आत्यांनी माझ्या हातातलं पाकीट बघून हात पुढे केला.

"या तुमच्या नाहीत, आत्या. माझ्या आहेत."

त्यांना कळायला वेळ लागला. मग त्या सोफ्यावर टेकल्या.

"तुला कितवं लागलं गं?"

"बेचाळिसावं."

"तुजी आई बेचाळिसाव्यालाच गेली."

माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. त्यांच्या होतं. मग इमर्जन्सीचं त्यांना कसं सांगायचं याची मी जुळवाजुळव करत होते, तोवर आत्या भिंतीला धरून उठल्या आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागल्या.

"चल, मला बी ने डॉक्टरकडं," त्या म्हणाल्या. "तू गोळी घेतीस का न्हाई ते बघायला मला ऱ्हायला पायजे."